पोटात कॅमेरा घेतलेला कोट

मी कोट बोलतोय. वकिलाचा काळा कोट. दचकू नका, सल्ल्याची फी लागणार नाही. खरं सांगायचं तर मी एक दिवसही कोर्टात उभा राहिलेलो नाही. तरी बोलायची खोड लागली, कारण माझा जन्मच कोर्टाच्या दारात झाला.

नाशिकला सीबीएस बसस्टँडजवळ जिल्हा न्यायालय आहे. तिथून हाकेच्या अंतरावर एका बोळात मोतीराम मास्तरांचं शिलाईचं दुकान होतं. दुकान म्हणजे दोन मशिनं, कापायचं एक टेबल आणि भिंतभर लोंबणारे काळे कोट. मास्तर कापायचे, सरिताबाई शिवायच्या. मला त्यांनीच शिवलं. दाराशीच चहाची टपरी होती, त्यामुळे वकीलमंडळी कप हातात घेऊन आमच्या उंबऱ्यावर उभी राहायची आणि आपापले खटले पुन्हा एकदा लढायची. ते ऐकून ऐकून 'माझं म्हणणं असं', 'हरकत आहे', 'पुढची तारीख द्या' ही भाषा माझ्या अस्तरात मुरली. मधूनच ती डोकावली तर चालवून घ्या.

मला शिवायला टाकलं होतं राज नावाच्या एका मुलानं. नुकताच वकिलीची परीक्षा पास झालेला. माप देताना छाती अशी फुगवून उभा राहिला की मास्तर म्हणाले, "श्वास सोड बाबा, नाहीतर कोट दोघांचा होईल." बाह्या लांब हव्यात असा त्याचा आग्रह. हात वर करून बोलताना मनगट दिसलं तर पक्षकाराला काय वाटेल, असं त्याचं म्हणणं. झालं. बाह्या लांब ठेवल्या, बटणं लागली, इस्त्री झाली, आणि साहेब मला न्यायला आलेच नाहीत. पुढे कळलं, सनद हातात पडायच्या आधीच त्याला पुण्याला बँकेत नोकरी लागली. चांगलं झालं त्याचं. मी मात्र हँगरवरच राहिलो.

शिवलेला कोट आणि घातलेला कोट यांत फार फरक असतो हो. माझ्या शेजारचे कोट शिवून व्हायचे, कुणाच्या तरी खांद्यावर बसून ऐटीत निघून जायचे, दोन वर्षांनी कोपरं झिजवून दुरुस्तीला परत यायचे आणि रात्रंदिवस गप्पा मारायचे. मी काय सांगणार? माझ्या बाह्यांत कधी हातच गेला नव्हता. मास्तर नव्या गिऱ्हाइकाला माझ्याकडे बोट दाखवून म्हणायचे, "हा बघा, असा शिवून देतो." मी नुसता नमुना. वाईट वाटायचं, लपवण्यात काही अर्थ नाही.

मग मास्तर थकले. दुकान बंद झालं, त्याच जागेत त्यांच्या मुलानं मोबाईलची कव्हरं विकायला घेतली. निरोपाच्या दिवशी मास्तरांनी मला हँगरवरून काढलं आणि सरिताबाईंच्या हातात ठेवलं. "घेऊन जा. तुझ्या हातचा आहे."

सरिताबाई उपनगरच्या एका कॉलनीत भावाच्या घरी राहतात. घरात शिरताच समोर भिंतीवर बाबासाहेबांचा मोठा फोटो, टाय आणि कोटातला. तो कोट पाहिला आणि माझी कॉलर आपोआप ताठ झाली. म्हटलं, घर तर चांगलं मिळालं.

याच घरात मला मोहिनी भेटली. सरिताबाईंच्या भावाची मुलगी. आता घरात तिची हाक ऐकून ऐकून मीही सरिताबाईंना आत्याच म्हणतो. मोहिनी नवनाथदादांच्या स्टुडिओत लग्नाचे व्हिडिओ काढायची. हळदीत नवरीवर, वरातीत नाचणाऱ्या मामांवर, पंगतीत जिलेबीवर कॅमेरा फिरवायचा आणि घरी येऊन वैतागायचं. "आत्या, आज चार तास शूटिंग केलं आणि बघितलं काहीच नाही," ती म्हणायची. आत्याला यातलं ओ की ठो कळायचं नाही, पण ती पोळ्या लाटता लाटता नेमाने ऐकायची.

नवनाथदादांच्या स्टुडिओत काचेच्या कपाटात एक जुना कॅमेरा शोभेला ठेवलेला होता. खरा फिल्मचा, चावीचा. त्याला बॅटरी नाही, सेल नाही. गजराच्या घड्याळासारखी चावी द्यायची, बटण दाबलं की अर्धा मिनिट घुर्रर्र करत चालतो, मग पुन्हा चावी. दादा म्हणायचे, "ते शोपीस आहे, हात लावू नको." मोहिनीनं हात लावला. मोबाईलवर परदेशातल्या म्हाताऱ्या कारागिरांचे व्हिडिओ बघून तिनं तो उघडला, ब्रशनं साफ केला, शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब आत्याच्या डबीतून घेऊन सोडले, आणि एका दुपारी त्यानं घुर्रर्र केलं. घरभर नाचली पोरगी! आत्यालाही नाचवलं. नवनाथदादांनी डोक्याला हात लावला आणि म्हणाले, "घेऊन जा, पण शोपीस परत पाहिजे मला."

मुंबईच्या एका ओळखीच्याकडून तिला एक रोल मिळाला. मुदत संपलेला, पण थंडीत नीट जपलेला. जेमतेम पावणेतीन मिनिटांचा. "एवढ्यात काय होणार?" आत्यानं विचारलं.

"एवढ्यातच तर होणार! पुसता येत नाही, परत घेता येत नाही. म्हणून आधी नीट बघावं लागतं, आत्या. उजेड कुठून येतो, तोंडावर कसा पडतो, सगळं आधी. मग बटण." बोलताना तिचे डोळे असे चमकत होते की मी हँगरवर असूनही मला धीर धरवेना.

पण एक अडचण होती. फिल्मला उजेड बाधतो. रोल मध्येच अडकला, तर कॅमेरा उजेडात उघडायची सोय नाही, नाहीतर आतलं सगळं चित्र जळून जातं. आमच्याकडचे फोटोवाले अजून तसंच म्हणतात, 'रोल जळाला.' त्यासाठी एक काळी पिशवी असते. कॅमेरा आत ठेवायचा, चेन लावायची आणि दोन बाह्यांमधून हात घालून, आत न बघता, चाचपून काम करायचं. दुकानातली पिशवी परवडणारी नव्हती. मोहिनी हातवारे करून आत्याला समजावत होती. "काळी पाहिजे. जाड पाहिजे. दुहेरी पाहिजे. आणि दोन बाह्या पाहिजेत."

आत्यानं हळूच मान वळवून माझ्याकडे बघितलं. मोहिनीनंही बघितलं. मी हरकत घेतली नाही.

आत्यानं मला टेबलावर घेतलं. समोरचे दोन्ही पल्ले एकमेकांवर घालून शिवून टाकले, गळा बंद केला, खालच्या काठाला चेन लावली. आतून जुन्या छत्रीच्या कापडाचं आणखी एक अस्तर दिलं. बाह्यांच्या टोकांना घट्ट इलॅस्टिक घातलं. मग परीक्षा. भर दुपारी गच्चीवर जाऊन आत्यानं चेनमधून माझ्या पोटात डोकं घातलं आणि वर मोहिनी मला सावरत उभी. शेजारच्या गच्चीवर वाळवण घालणाऱ्या बाईनं विचारलं, "अगं, आत्याला काय झालं?"

"उजेड शोधतेय!" आत्या माझ्या पोटातून ओरडली.

आणि सापडला. माझी काजं! बटणाची काजं शिवायची हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं. ती शिवली. पुन्हा डोकं घातलं. कॉलरवरचं, फूल खोचायचं ते एक इवलंसं काज राहिलं होतं, तेही शिवलं. मग आत्या बराच वेळ आतच राहिली. "काय झालं?" मोहिनीनं विचारलं. "काही नाही गं. फार छान काळोख आहे." इतकं कौतुक माझं आजवर कुणी केलं नव्हतं.

त्या संध्याकाळी मोहिनीनं वाया गेलेला एक जुना रोल सरावाला घेतला आणि माझ्या बाहीत हात घातला. पहिला हात. तोही उलटा, मनगटाकडून खांद्याकडे. कोट असा घालत नाहीत, ठाऊक आहे मला. पण तो हात उबदार होता, बोटं धडपडत होती, आणि मला इतका आनंद झाला की माझी शिवण उसवते की काय असं वाटलं. घरातले मला आता पिशवी म्हणू लागले. 'ती पिशवी दे गं.' कोटाला स्त्रीलिंगी करून टाकलं. म्हणोत बापडे.

सराव रोज चालायचा. टीव्ही बघत, डोळे मिटून, कधी मुद्दाम रेडिओ मोठ्यानं लावून.

"आत्या, नाक खाजतंय."

"मग खाजव की."

"हात आत आहेत ना!"

मग आत्या पिठाच्या बोटानं तिचं नाक खाजवायची आणि पोरगी नाकाला पीठ लावून फिल्म भरत बसायची. सुरुवातीला फिल्म माझ्या पोटात उसळून सगळीकडे गुंतायची. हळूहळू बोटांना वाट सापडली. चकरी, खाच, दात, वळसा, झाकण. ती तोंडानं म्हणायची आणि मी आतून अनुभवायचो.

आता मुख्य गोष्ट. आत्यानं रिक्षा चालवायचं ठरवलं होतं. "इतकी वर्षं मशीनवर बसून पाठ गेली. आता बसायचंच आहे तर फिरत बसते." लायसन्स काढलं, बॅज काढला, स्वतःचा खाकी शर्ट स्वतः शिवला. द्वारका चौकातल्या स्टँडवर एवढ्या रिक्षा, त्यांत बाई ही एकटीच. घरातले गप्प होते, कॉलनीत कुजबुज होती. मोहिनीनं मात्र जाहीर केलं, "माझा रोल आत्याच्या पहिल्या दिवसावर."

रोल एकच होता आणि आत्याचा पहिला दिवसही एकच. दोन्ही पुन्हा मिळणारे नव्हते. मी मोहिनीच्या पाठीवरच्या सॅकमध्ये घडी होऊन निघालो, आणि हिशेब सरळ होता. सगळं नीट झालं तर माझी गरजच पडणार नव्हती.

द्वारका तुम्हाला माहीत असेल. वर उड्डाणपूल, खाली चारी बाजूंनी वाहनं, बसमधून उतरणारी गावोगावची माणसं आणि रिक्षावाल्यांचा ओरडा, "रोड, रोड, रोड!" नाशिकरोडला जायचं तर नाशिक शब्द गाळून टाकायचा, हा इथला रिवाज. आत्या रांगेत रिक्षा लावून उभी राहिली. स्टँडवरचे जुने रंगनाथभाऊ म्हणाले, "सरिताताई, आवाज काढा आवाज. गप उभं राहून गिऱ्हाईक येत नसतंय." आत्यानं तोंड उघडलं आणि मिटलं.

तेवढ्यात विंचूरच्या बसमधून लताबाई नावाच्या एक आजीबाई उतरल्या. हातात कांद्याच्या पातीची जुडी. त्यांनी रांगेवरून नजर फिरवली आणि सरळ आत्याकडे आल्या. "चल गं बाई, शालिमारला सोड. तुझ्यात बसते, ते बाकीचे लय जोरात हाणतेत."

भवानी झाली! दिवसाची पहिली कमाई म्हणजे भवानी, आणि ही तर आत्याच्या नव्या जन्माचीच. मोहिनीनं चावी दिली, बटण दाबलं. घुर्रर्र.

लताबाईंनी कॅमेरा बघितला. "फोटू काढते व्हय?" आणि त्यांनी पदर सारखा केला, पातीची जुडी मांडीवर उभी धरली, श्वास रोखला आणि स्थिर झाल्या. हललं तर फोटो बिघडतो हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. रिक्षा सुरू झाली, आत्यानं आरशात बघितलं, खड्डा आला, रिक्षा उसळली, पण लताबाईंची पापणी लवली नाही. मोहिनी पुढे आत्याच्या शेजारी बसून, मागे वळून टिपत होती आणि आनंदानं ओठ चावत होती. चावी संपल्यावरच आजींनी श्वास सोडला. "आला का गं चांगला?"

शालिमारहून परत द्वारकेला आल्यावर मोहिनीला एकच चित्र हवं होतं. आत्या पुरुषांच्या त्या गोंगाटात स्वतःच्या आवाजात ओरडतेय, ते. ती पुलाच्या खांबापाशी उभी राहिली. चावी दिली. आत्यानं हात वर केला. बटण दाबलं.

खर्रर्र.

आवाज बदलला होता. मी सॅकमध्ये होतो, तरी मला कळलं. मोहिनीनं बटण सोडलं. तिचा चेहरा पांढरा पडला. रोल अडकला होता, आणि आत लताबाई, आत्या, ती भवानी, सगळं होतं.

तिनं मला बाहेर काढलं. खांबाच्या कट्ट्यावर बसली, मांडीवर मला घेतलं, कॅमेरा माझ्या पोटात ठेवला, चेन लावली आणि दोन्ही बाह्यांत कोपरापर्यंत हात घातले. डोळे मिटले. माझ्या पोटात झाकण उघडलं. फिल्मचा एक तुकडा फाटून यंत्राच्या तोंडात बसला होता. शिवाय भरलेली चकरी सैल झाली होती, फिल्म उसळून बाहेर यायला बघत होती. डाव्या हातानं तिनं ती दाबून धरली. उजव्यानं तुकडा शोधायला लागली. आणि तेवढ्यात आतली उरलेली चावी सुटली. टिकटिक, टिकटिक, घुर्र.

आता बाहेरून काय दिसत असेल बघा. भर चौकात एक मुलगी, मांडीवर बिनडोक्याचा काळा कोट, त्यात तिचे हात कोपरापर्यंत, डोळे मिटलेले, आणि कोटातून टिकटिक.

"काय हाय गं त्यात?" एकानं विचारलं.

"बोलू नका माझ्याशी," मोहिनी डोळे न उघडता म्हणाली. "हात काढला तर जळेल सगळं!"

हा शब्द तिनं काढायला नको होता. "जळेल म्हणतेय!" "आतून आवाज येतोय!" "बॉम्ब हाय का काय?" क्षणात आमच्याभोवती मोकळं मैदान झालं. भेळवाला भेळ टाकून पळाला. दोन रिक्षा उलट्या फिरल्या, मागची बस थांबली, तिच्यामागे सगळा रस्ता थांबला, हॉर्नचा कल्लोळ उठला. आत्या पलीकडच्या बाजूला अडकली.

वाहतूक पोलिसांच्या चौकीतून उज्वलाताई धावत आल्या. कडक इस्त्रीचा खाकी गणवेश, शिट्टी गळ्यात. बाकीचे लांब गेले होते, त्या मात्र जवळ आल्या. हे मी विसरणार नाही.

"हात बाहेर काढ."

"मॅडम, काढता येत नाही."

"मग मी चेन उघडते."

"नका, नका! रोल जळेल!"

"कसला रोल?"

"फिल्मचा! सिनेमाचा! कॅमेरा आहे आत!"

"मोबाईलच्या जमान्यात?" उज्वलाताईंनी डोळे बारीक केले. हात चेनकडे आला. माझ्या चेनच्या टोकाला त्यांची बोटं लागली. एक इंच ओढली असती तर आत्याचा पहिला दिवस संपला होता. मी दात, म्हणजे चेनचे दात, घट्ट आवळून बसलो.

त्याच वेळी आत चकरी निसटली. मोहिनीला दोन हात होते आणि कामं तीन होती. चकरी धरायची, तुकडा काढायचा, फिल्म पुन्हा वळशातून न्यायची. ती घाबरली आणि गर्दीपलीकडे बघून जिवाच्या आकांतानं ओरडली, "आत्याऽऽ! आत्याऽऽ!"

उज्वलाताईंचा हात चेनवरच थांबला. "आत या? आत? आत कुठनं येऊ?"

मोहिनीनं डोळे उघडले. समोरच्या गणवेशाकडे, त्या बाईच्या लांब, बारीक बोटांकडे बघितलं. आणि तिच्या डोक्यात उजेड पडला. "या," ती म्हणाली. "या ना, ताई. खरंच आत या. डाव्या बाहीतून, माझ्या हाताला हात लावून. तुम्हालाच कळेल आत काय आहे ते. फक्त घड्याळ काढा, त्याला उजेड आहे."

उज्वलाताईंनी एकदा मागे बघितलं. सगळा चौक बघत होता. त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढलं, लांबून डोकावणाऱ्या रंगनाथभाऊंकडे फेकलं, आणि माझ्या डाव्या बाहीच्या इलॅस्टिकमधून, मोहिनीच्या हाताला चिकटून, आपला हात आत सारला. मोहिनीच्या सांगण्यावरून मोकळ्या हातानं स्वतःचा रुमाल बाहीच्या तोंडाशी दाबून धरला. मला दोघींचा घाम लागला. दोन हातांसाठी बेतलेला कोट मी, माझ्यात तीन हात होते. बाहीची शिवण करकरली. मी म्हटलं, उसवायचं नाही. आज काही झालं तरी उसवायचं नाही.

त्यांची बोटं अंधारात चाचपडू लागली. थंड लोखंड. दात. पट्टीच्या कडेची भोकं. उज्वलाताई मान वळवून ओरडल्या, "काय नाय रे! आत शिलाई मशीन हाय!"

लोक हसायला लागले. पण मोहिनी हसली नाही. "ताई, ती गोल चकरी लागली का? ती फिरतेय. ती धरा. पतंगाची फिरकी धरतो ना, तशी. घट्ट नाही, सैलही नाही."

"आसारी म्हण ना मग सरळ!" उज्वलाताई म्हणाल्या. "येवल्याची हाय मी. भावाची आसारी मीच धरायची. पतंग मात्र कधी हातात दिला नाय त्यानं."

आणि काय धरली त्यांनी! अंगठा अलगद, बाकीची बोटं वाटोळी. फिल्म जागच्या जागी थांबली. मोहिनीचे दोन्ही हात मोकळे झाले. तिनं तुकडा नखानं उचकटून काढला. फिल्मचं टोक खाचेत घातलं, वळसा केला. "थोडं सोडा, ताई. अजून थोडं. बस." त्या सोडायच्या. कोण कुठल्या या दोघी, एकमेकींची नावंही माहीत नव्हती, आणि माझ्या पोटात त्यांची बोटं अशी चालली होती जणू रोज एकत्र भाकरी थापतात. मागून हॉर्न वाजत होते, माथ्यावर ऊन तापलं होतं, मी आतून भट्टी झालो होतो. झाकण बसलं. टक्.

"झालं?" उज्वलाताईंनी विचारलं.

"झालं," मोहिनी म्हणाली आणि ढसाढसा रडायला लागली.

हात बाहेर आले. आत्या धापा टाकत पोचली, तिनं काय समजायचं ते समजून उज्वलाताईंचे दोन्ही हात धरले. रंगनाथभाऊंनी घड्याळ परत दिलं. उज्वलाताईंनी शिट्टी तोंडात धरली आणि तुंबलेल्या रस्त्यावर धावल्या, कारण तो सगळा घोळ त्यांनाच निस्तरायचा होता. मोहिनीनं चावी दिली. आत्याला आता कसली भीती उरली नव्हती. तिनं हात वर केला आणि सगळ्या स्टँडचा आवाज खाली बसेल असा गळा काढला, "रोऽड, रोऽड, रोऽऽड!" चावी संपली की मोहिनी पुन्हा द्यायची, आणि कॅमेरा शेवटच्या इंचापर्यंत घुर्रर्र करत राहिला. मग रोल संपला.

रोल धुवायला मुंबईला गेला. तो परत येईपर्यंत घरात कुणाला धड जेवण गेलं नाही. आत्या रोज स्टँडवर जायची आणि संध्याकाळी आल्याबरोबर विचारायची, "आला का?"

अखेर आला, पेन ड्राइव्हवर. रविवारी दुपारी सगळे टीव्हीसमोर जमले. नवनाथदादा आले, रंगनाथभाऊ आले. उज्वलाताईही आल्या, साध्या साडीत, आधी ओळखूच आल्या नाहीत. मी दाराआडच्या खिळ्यावर होतो, मला अर्धा टीव्ही दिसत होता.

काहीही जळालं नव्हतं. पातीची जुडी धरून श्वास रोखलेल्या लताबाई, मागे धावणारी द्वारका, आरशात आत्याचे डोळे. उजेड असा मऊ पडला होता की नवनाथदादा खुर्चीतून पुढे सरकले. शेवटी आत्या हात उंचावून ओरडत होती. चित्राला आवाज नव्हता, तरी घरातल्या प्रत्येकाला तो ऐकू आला. "ही मी?" आत्यानं विचारलं. तिनं खाकी शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले आणि म्हणाली, "परत लाव."

परत लावलं. मग पुन्हा. मला इतका अभिमान कधी वाटला नव्हता.

नवनाथदादा भरात येऊन म्हणाले, "मोहिनी, शोपीस तुलाच ठेव. दुसरा रोल घे. आणि ती कोटाची पिशवी टाकून दे, तुला मुंबईहून खरी पिशवी मागवतो." वाचकहो, या मुद्द्यावर माझी कडक हरकत आहे. तुमची मोहिनीशी कधी गाठ पडली तर एवढं सांगा तिला. खरी पिशवी येईल, हलकी असेल, तिला काजं नसतील. पण तिच्यात तिसरा हात मावणार नाही. राजसाहेबांनी हट्टानं लांब करून घेतलेल्या माझ्या बाह्या आहेत, त्या अजून कुठं उसवलेल्या नाहीत. मला खिळ्यावर ठेवू नका. फार वर्षं राहिलोय मी खिळ्यावर.

टीव्ही बंद झाला. उज्वलाताई अजून वाट बघत बसल्या होत्या. "आन् माझं?" त्यांनी विचारलं. "माझं कधी येणार?"

मोहिनीचा चेहरा उतरला. "ताई, तुमच्या वेळेला कॅमेरा त्या कोटात होता. आणि बाहेर आल्यावर जेवढा रोल उरला, तेवढा आत्यावर गेला."

"म्हणजे एवढा चौक तुंबवला, आणि माझं नखसुद्धा नाय?"

उज्वलाताई उठल्या. दारापाशी आल्या, मला खिळ्यावरून काढलं. मनगटावरचं घड्याळ काढून त्यांनी आत्याच्या हातात दिलं, आणि माझ्या डाव्या बाहीत कोपरापर्यंत हात घातला. आत काहीच नव्हतं. तरी त्यांचा अंगठा अलगद टेकला, बोटं वाटोळी झाली.

"हितं होते मी," त्या सगळ्यांना म्हणाल्या. "शेवटपर्यंत सोडली नाय."